अडीचशे शब्दांत एक चाचणी

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी मुलांचे प्रकल्प पाठवणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव हमखास येतो. शहादा तालुक्यातली मुले असतील तर ती गोमाईकाठच्या विहिरींची पातळी मोजतात, पपईच्या पानांवरचे रोग टिपतात, वह्याच्या वह्या भरतात. आणि शेवटी एका पानाचा गोषवारा लिहायची वेळ आली की अडून बसतात. काय ठेवायचे आणि काय गाळायचे? ज्या तीन विहिरींनी आपला अंदाज खोटा पाडला, त्या लिहायच्या की नाहीत?

वैद्यकीय परिषदेला क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे माणसांवर केलेल्या उपचाराच्या चाचणीचा, गोषवारा पाठवणाऱ्या डॉक्टरांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. तीनशे रुग्ण, दोन-तीन वर्षांचे काम आणि लिहायला जागा साधारण अडीचशे-तीनशे शब्दांची. फरक एवढाच, की इथे काय गाळले याची किंमत पुढे कोणीतरी रुग्ण मोजतो. म्हणून या छोट्या लेखनप्रकाराचा इतिहास थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. त्यातली काही महत्त्वाची पाने आपल्याच मुलखात लिहिली गेली आहेत.

भायखळा आणि उंढेरा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. त्यापूर्वी दोन वर्षे, डिसेंबर १८९४ मध्ये, कलकत्त्याला पहिली भारतीय वैद्यकीय परिषद भरली होती आणि तिथे वाल्डेमार हाफकिन यांनी आपल्या कॉलऱ्याच्या लसीची हकिगत मांडली होती. मुंबईत प्लेग आल्यावर सरकारने त्यांना इकडे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी कैद्यांपुढे लस ठेवली. सुमारे निम्मे कैदी टोचून घ्यायला पुढे आले, निम्मे आले नाहीत. त्यानंतर न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

आकडे बोलके आहेत, पण वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाने इथे हात वर करायला हवा. जे स्वतःहून पुढे आले ते आणि जे मागे राहिले ते, हे दोन गट मुळात सारखे होते का? कदाचित धडधाकट कैदी पुढे आले असतील आणि अशक्त मागे राहिले असतील. मग वाचवले ते लसीने की मूळच्या प्रकृतीने? आणखी एक प्रश्न आज आपण विचारूच: तुरुंगातल्या माणसाच्या ‘स्वेच्छे’ला किती अर्थ असतो?

यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायची संधी वर्षभराने मिळाली. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावात प्लेग पसरला. गायकवाडांच्या राज्यातले हे साधे शेतकऱ्यांचे गाव. तिथे प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली, निम्म्यांना नाही. छप्पर एक, चूल एक, घरातले उंदीरही तेच. फरक फक्त लसीचा. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांचा हिशोब असा निघाला: न टोचलेली माणसे ६४, त्यांपैकी २७ आजारी, २६ मृत. टोचलेली माणसे ७१, त्यांपैकी ८ आजारी, ३ मृत.

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना शेकडेवारी काढायला सांगावी. न टोचलेल्यांत आजारी पडण्याचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, टोचलेल्यांत सुमारे ११ टक्के. मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्के आणि ४ टक्के. एक लक्षात घ्या: नुसते ‘टोचलेल्यांपैकी फक्त ३ जण मेले’ एवढे लिहिले असते तर त्यातून काहीच कळले नसते. ७१ पैकी ३ आणि शेजारी ६४ पैकी २६, असे चारही आकडे एकत्र आले की अर्थ उमटतो. लसीने प्लेग पूर्णपणे टाळला नाही, ८ जण आजारी पडलेच, हेही त्याच ओळीत दिसते. चांगल्या गोषवाऱ्याचा गाभा एवढाच आहे: किती जणांपैकी किती, आणि कशाच्या तुलनेत किती. जून १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाफकिन यांनी आपल्या लसीकरणाचा सारा वृत्तांत मांडला, तेव्हा त्यांच्या हाती असे तुलनेचे आकडे होते.

उंढेऱ्याची चाचणीही निर्दोष नव्हती. कोणाला टोचायचे आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. टोचणाऱ्याला निवडीची मोकळीक होती. चिठ्ठ्यांचे महत्त्व वैद्यकशास्त्राला पटायला पुढे आणखी पन्नास वर्षे जावी लागली. १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे तीत यदृच्छेने ठरवून बंद पाकिटांत ठेवले होते.

गोषवारा लिहायचा कोणी?

गोषवारा मुळात लेखकाने लिहायची गोष्ट नव्हतीच. रॉयल सोसायटीत सभासद आपला निबंध वाचून दाखवत आणि सोसायटीचे चिटणीस त्याचा सारांश इतिवृत्ताच्या वहीत उतरवून घेत. १८०० सालापासूनचे असे सारांश सोसायटीने १८३२ पासून पुस्तकरूपाने छापायला सुरुवात केली. म्हणजे ज्याने ऐकले त्याने सांगितलेला तो सारांश होता. पुढे परिषदा वाढल्या, निबंध वाढले, सगळे वाचून दाखवणे अशक्य झाले. मग लेखकानेच आधी गोषवारा पाठवायचा आणि तो वाचून कोणाला बोलू द्यायचे ते ठरवायचे, अशी रीत पडली.

या बदलात एक मेख आहे. चिटणीसाला निबंध मोठा करून दाखवण्यात काही स्वारस्य नव्हते. लेखकाला मात्र आहे. कारण गोषवारा आकर्षक असला तरच व्यासपीठ मिळणार. साक्षीदार आणि वकील हे एकच माणूस झाले.

सर्पगंधेची चाचणी

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. त्याच्या शीर्षकातच ‘क्लिनिकल ट्रायल’ हे शब्द होते. विषय होता उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग. सर्पगंधा आपल्याकडे शेकडो वर्षे वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ती चालते असे लिहिलेही होते. पण ते लेखन देशाबाहेर फारसे कोणी वाचले नाही. वकिलांनी ५० रुग्णांना औषध दिले, आठवड्या-आठवड्याला रक्तदाब मोजला आणि बहुतेकांचा दाब उतरल्याचे आकडे मांडले.

तो लेख वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून औषध मागवले आणि आपल्या रुग्णांवर वापरून पाहिले. त्यांची प्राथमिक निरीक्षणे १९५१-५२ च्या सुमारास न्यू इंग्लंडमधल्या हृदयविकार-तज्ज्ञांच्या एका प्रादेशिक संस्थेच्या इतिवृत्तात आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी सर्पगंधेच्या मुळातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले आणि काही वर्षांतच ते जगभर पोचले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आता उंढेऱ्याची फूटपट्टी वकिलांच्या चाचणीला लावून पाहू. तिथे औषध न घेणारा तुलनेचा गट नव्हता. रक्तदाब जेव्हा फार चढलेला असतो तेव्हाच माणूस डॉक्टरकडे येतो. पुढच्या आठवड्यांत तो काहीसा आपोआपही उतरतो. विश्रांतीने, डॉक्टरांच्या धीराने उतरतो. त्यामुळे उतरलेल्या दाबापैकी सर्पगंधेचा वाटा किती, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. रक्तदाब उतरला हे खरे. पण रुग्ण जास्त जगला का? पक्षाघात टळला का? पाऱ्याची उंची मोजणे सोपे असते, आयुष्य मोजायला वर्षे लागतात.

ते उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आले. रक्तदाब बराच वाढलेले १४३ पुरुष यदृच्छेने दोन गटांत विभागले. ७३ जणांना तीन औषधे एकत्र दिली, त्यांतले एक रेसरपिन. ७० जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. औषधाच्या गटात गंभीर घटना २, मृत्यू एकही नाही. प्लासिबोच्या गटात गंभीर घटना २७, त्यांत ४ मृत्यू. रक्तदाबावर उपचार केल्याने माणसे वाचतात, हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसले. मुंबईतल्या ५० रुग्णांपासून या १४३ जणांपर्यंतची वाट अठरा वर्षांची होती. वकिलांचे काम त्या वाटेवरचा पहिला दगड. त्याचा मान ठेवूनही, पहिला दगड म्हणजे मुक्काम नव्हे हे गोषवारा वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

आणि जे पहिल्या गोषवाऱ्यांत मावले नाही तेही इथे सांगायला हवे. रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र उदासी येते, अशा नोंदी पन्नाशीच्या दशकात जमू लागल्या आणि औषधाचा डोस कमी ठेवण्याची काळजी घेतली जाऊ लागली. त्या उदासीचे कारण औषधच होते का, यावर वादही झाला. पण फायद्याच्या आकड्याशेजारी त्रासाचाही आकडा हवा, हा धडा पक्का झाला.

चौकटीची शिस्त

बरीच वर्षे गोषवारा हा एक सलग परिच्छेद असे. परिषदेकडून छापील चौकट असलेला कागद येई. टंकलेखन यंत्रावर अक्षरे त्या चौकटीतच बसवायची आणि टपालाने पाठवायचा. चौकटीत काय असावे यावर मात्र बंधन नव्हते. मग कोणी निम्मी जागा रोगाच्या महत्त्वावर घालवी, तर कोणी ‘निष्कर्षांची चर्चा केली जाईल’ असे लिहून आकडेच टाळी.

१९८७ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ठरावीक उपशीर्षकांच्या गोषवाऱ्याची कल्पना मांडली गेली: उद्देश, चाचणीची रचना, स्थळ, रुग्ण, उपचार, काय मोजले, काय आढळले, निष्कर्ष. शाळेतल्या प्रयोगवहीसारखीच ही रचना. तिचा फायदा असा, की एखादा रकाना रिकामा राहिला तर तो लगेच डोळ्यांत भरतो. तरीही शिस्त पुरी पडली नाही. १९९९ मध्ये सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले गोषवारे मूळ लेखांशी ताडून पाहिले, तेव्हा कुठे १८ टक्के तर कुठे ६८ टक्के गोषवाऱ्यांत मूळ लेखाशी न जुळणारी किंवा मूळ लेखात नसलेली माहिती सापडली. २००८ मध्ये चाचण्यांच्या गोषवाऱ्यांसाठी एक स्वतंत्र तपशीलसूचीच प्रसिद्ध झाली. गट यदृच्छेने पाडले का, किती रुग्ण मोजणीत धरले, त्रास काय झाले, नोंदणी क्रमांक कोणता, पैसा कोणाचा, हे सारे तीत आहे.

आज गोषवारा संगणकावरून जातो. परीक्षकांकडे तो बहुधा लेखकाचे आणि संस्थेचे नाव काढून येतो. ते गुण देतात आणि त्यावरून कोणाला भाषण, कोणाला भिंतीवरचे भित्तिपत्रक आणि कोणाला नकार, हे ठरते. मी स्वतः असे गोषवारे तपासत आलो आहे. एका बैठकीत वीस-पंचवीस वाचायचे म्हणजे प्रत्येकाला मिळतात चार-पाच मिनिटे. अशा वेळी ‘लक्षणीय सुधारणा आढळली’ हे वाक्य मला काहीही सांगत नाही. ‘४० पैकी २६, तुलनेत ४१ पैकी १७’ हे सांगते.

जे कधी छापलेच जात नाही

परिषदेत वाचलेल्या चाचणीचे पुढे काय होते? जगभरच्या परिषदांतल्या तीन लाखांहून अधिक गोषवाऱ्यांचा मागोवा घेणारा एक आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून कमी गोषवाऱ्यांचे पूर्ण लेख झाले होते. ज्यांत उपचार यशस्वी दिसला, ते छापले जाण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे अंदाज खोटा पाडणाऱ्या त्या तीन विहिरी इथेही गळतात.

याचा परिणाम किती गंभीर असतो, हे ऑस्ट्रेलियाचे जॉन साइम्स यांनी १९८६ मध्ये दाखवले. बीजांडकोशाच्या कर्करोगावर एकापेक्षा अधिक औषधे एकत्र द्यावीत का, हा प्रश्न होता. छापून आलेल्या चाचण्यांची बेरीज केली तर फायदा दिसत होता. पण सुरू होतानाच नोंदवलेल्या सर्व चाचण्या, छापलेल्या आणि न छापलेल्या, धरल्या तर तो फायदा ठामपणे सांगण्याजोगा उरत नव्हता. उपाय त्यातच दडलेला होता: निकाल कळण्याआधी चाचणीची नोंद करा, म्हणजे नंतर ती लपवता येणार नाही. भारतात २० जुलै २००७ रोजी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांच्या परवानगीने होणाऱ्या चाचण्यांना नोंदणी सक्तीची झाली. ही नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते.

शहाद्याच्या वर्गापर्यंत

हे सगळे दूरचे वाटत असेल तर शहाद्याकडे परत येऊ. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. अशा गावांतल्या शिक्षकांनी अधूनमधून हातपाय दुखून कळवळणारे, दहा-दहा दिवस शाळा बुडवणारे मूल पाहिलेले असते. प्राणवायू कमी झाला की या मुलांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. कळा त्यामुळेच येतात. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदवला गेला.

त्यावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालते का, याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. तिचा लेख १९९५ मध्ये आला. २९९ प्रौढ रुग्ण: १५२ जणांना औषध, १४७ जणांना प्लासिबो. वेदनेच्या झटक्यांचा वार्षिक मध्यक औषधाच्या गटात २.५, प्लासिबोच्या गटात ४.५. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. गोषवारा नीट वाचला तर त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, झटके कमी झाले, संपले नाहीत. दोन, हे रुग्ण प्रौढ होते आणि सगळ्यांना वर्षाकाठी किमान तीन झटके येत होते.

मग शहाद्यातल्या आठ वर्षांच्या मुलीला हा आकडा लागू पडतो का? तिचे वय वेगळे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बऱ्याचदा अधिक टिकून राहते, त्यामुळे आजाराचा कलही थोडा वेगळा. शिवाय हे औषध घेताना पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. पाड्यावरून तपासणीच्या ठिकाणापर्यंत जाण्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. डोस जितका जास्त, तितकी ही तपासणी महत्त्वाची.

या प्रश्नाचे एक उत्तर नागपूरहून आले. तिथल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या ६० भारतीय मुलांवर चाचणी केली. ३० मुलांना औषध, ३० मुलांना प्लासिबो. डोस दर किलो वजनामागे दररोज १० मिलिग्रॅम, म्हणजे अमेरिकेतल्या चाचणीच्या सुरुवातीच्या डोसाहूनही कमी आणि न वाढवता तेवढाच ठेवलेला. औषधाच्या गटात वेदनेचे झटके, रक्त देण्याची गरज आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी झाले. हा लेख २०१२ मध्ये आला. ६० ही संख्या लहान आहे हे खरे. पण प्रश्न आपल्या मुलांचा होता आणि उत्तरही आपल्याच मुलांवरून काढलेले होते. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणीत आजार निघालेल्या मुलाला काय द्यायचे, हे ठरवताना अशाच चाचण्यांचा आधार घ्यावा लागतो.

नववी-दहावीच्या वर्गात यासाठी एक तास काढण्याजोगा आहे. वृत्तपत्रात ‘नवे औषध गुणकारी’ अशी बातमी आली की ती फळ्याशेजारी चिकटवावी आणि मुलांना पाच प्रश्न विचारू द्यावेत: किती जणांपैकी किती? कशाच्या तुलनेत? गट कोणी आणि कसे पाडले? काय मोजले, पारा की आयुष्य? त्रास किती जणांना झाला? बातमीत उत्तर नसेल तर तो रकाना रिकामा ठेवावा. नंतर त्याच मुलांना स्वतःच्या प्रकल्पाचा गोषवारा लिहायला बसवावे आणि अंदाज खोटा पाडणाऱ्या त्या तीन विहिरींना त्यात एक ओळ द्यायला सांगावे.